‘शिंगल काढा, मेटल टाका’वाला फॉरवर्ड : चेक फाडायच्या आधी हे वाचा

यंदाच्या गारपिटीनंतर आमच्या डॅलसकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा : शिंगलचं (म्हणजे डांबरी चकत्यांचं) छप्पर जुनं झालं की डोळे झाकून मेटल, म्हणजे पत्रा, टाका, गारांनी काही होत नाही, इन्शुरन्स स्वस्त होतो, 50 वर्षं वर बघायला नको, एसीचं बिल अर्धं येतं, आणि जुन्या शिंगलवरच बसतं म्हणून तोडफोडीचा खर्च पण वाचतो. आमचं छप्पर 19 वर्षांचं, पाऊस पडला की गटरमधून शिंगलची खडी मूठ मूठ निघते, त्यामुळे मी सध्या हेच करतोय, कोटेशनं मागवायची आणि रात्री पॉलिसी वाचत बसायचं. मेटल वाईट नाहीच, पण या मेसेजमधली कारणं बघून टाकू नका.

गारांचं आधी. गारांच्या माऱ्याला टिकण्याची सगळ्यात वरची श्रेणी म्हणजे क्लास 4, तिची टेस्ट म्हणजे दोन इंची पोलादी गोळा 20 फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकायचा, तडा गेला नाही तर पास. पोचा पडला तरी पास! आणि पत्र्याला पोचे पडतातच. शिवाय एप्रिल 2016 ला डॅलसजवळच्या आपल्याच वायलीत क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या होत्या, म्हणजे टेस्टच्या गोळ्यापेक्षा मोठ्या. मेसेजमध्ये हे पण नाहीये की क्लास 4 वाली डांबरी शिंगलं सुद्धा मिळतात, त्यांच्या डांबरात रबरासारखं पॉलिमर घातलेलं असतं म्हणून ती सहज फुटत नाहीत.

आता इन्शुरन्स, खरी गोम इथेच आहे. सूट मिळते हे खरं, टेक्ससमध्ये बऱ्याच कंपन्या क्लास 4 छपराला देतात, पण ती त्या शिंगललाही मिळते. आणि मेटलवर सूट घेताना कितीतरी पॉलिसींत एक कलम हळूच येतं, कॉस्मेटिक डॅमेज एक्सक्लुजन. म्हणजे गारांनी तुमचं 40 हजार डॉलरचं छप्पर जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं झालं तरी जोवर गळत नाही तोवर एक पैसा मिळणार नाही. घर विकायला काढाल तेव्हा बघणारा वर बघणारच ना? आणि डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आधी आपण भरायची रक्कम, कोणी हिशोबातच घेत नाही, घराचं कव्हरेज 4 लाख डॉलर आणि गारांचं डिडक्टिबल 2 टक्के असेल तर पहिले 8,000 तुमच्याच खिशातून. एक कॉन्ट्रॅक्टर मला हसत म्हणाला डिडक्टिबलचं आम्ही बघून घेऊ, म्हणजे ते तुम्हाला भरावं लागणार नाही, त्याला चहा पाजून परत पाठवला, कारण 2019 पासून टेक्ससमध्ये हे सरळ बेकायदेशीर आहे.

50 वर्षं? कुठलं मेटल ते तरी सांगा. एक प्रकार वरून स्क्रू मारायचा, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर. पत्रा उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो, भोकं सैल होतात, वॉशर कडक होऊन चिरतात, म्हणजे 15-20 वर्षांत कोणीतरी वर चढून शेकडो स्क्रू बदलायचे. दुसरा स्टँडिंग सीम, त्यात क्लिपा आत लपलेल्या असतात आणि पत्रा सरकायला वाव असतो. तो खरंच टिकतो, पण साध्या शिंगलच्या दुप्पट-तिप्पट पैसे. मेसेजवाल्याने किंमत पहिल्याची घेतलीय आणि आयुष्य दुसऱ्याचं! आणि 40 वर्षांची वॉरंटी म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा रंगाची असते, गळतीची नाही.

एसीचं बिल अर्धं होणार नाही. फिकट रंगाचा, ऊन परतवणारा कोट असेल तर फरक पडतो, पण गडद चॉकलेटी मेटल पण तापतंच, आणि ॲटिकमधलं (छपराखालच्या माळ्यातलं) इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, बसून पातळ झालं असेल तर वर काहीही टाका, उपयोग नाही. आधी टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये डोकवा, तो खर्च कितीतरी कमी आहे.

जुन्यावरच बसवायचं म्हणाल तर काही ठिकाणी कोडमध्ये चालतं, पण आधीच दोन थर असतील तर नाही. आणि खालचा डेक, म्हणजे छपराखालचा लाकडी थर, कुठे कुजलाय हे झाकलं जातं, ते मला तरी पटत नाही.

उलट बाजूने घाबरवणाऱ्यांनाही एक सांगतो. मेटल वीज ओढत नाही. आणि पावसाचा आवाज म्हणजे चिपळूणच्या मामाच्या पडवीचा पत्रा नव्हे, तिथे खाली नुसते वासे होते, इथे डेक आणि इन्सुलेशन असतं.

मी एजंटला ईमेल केला, फोन नाही : मेटल टाकलं तर कॉस्मेटिक एक्सक्लुजन लागणार का, हो की नाही. उत्तर आलं, हो. आम्ही सात-आठ वर्षांत घर विकणार आहोत, त्यामुळे क्लास 4 शिंगल घेतोय. शेजारच्या पटेलकाकांना इथेच राहायचंय आणि त्यांच्या पॉलिसीत ते कलम नाही, ते स्टँडिंग सीम टाकतायत, एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) मंजुरीसाठी थांबलेत.