जत्रा फिरती राहू द्या

डिसेंबर उजाडला की ठाण्यात महोत्सवांचे फलक लागू लागतात आणि त्यांच्या जोडीने एक सूचनाही कानावर येते: मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यातील लहान गावांच्या जत्रा आता ओसरत चालल्या आहेत, तेव्हा तिथले कलाकार, कारागीर आणि खाद्यपदार्थ एकत्र आणून शहरातल्या एखाद्या मोठ्या मैदानावर चार दिवसांची ग्रामीण जत्रा भरवावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही ती मला अजिबात मान्य नाही. जी गोष्ट गावागावांतून फिरत असते म्हणूनच जगते, तिला एका जागी आणून बसवले तर तिचे रक्षण होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या जिल्ह्याचे पंचांग डोळ्यांसमोर आणा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाच्या खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. माघ शुद्ध चतुर्थीला टिटवाळ्याला गर्दी लोटते, महाशिवरात्रीला अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराभोवती बाजार मांडला जातो आणि उन्हाळा लागल्यावर, चैत्र अमावस्येला वज्रेश्वरीची यात्रा होते. ही झाली मोठी नावे. यांच्या मधल्या दिवसांत पायथ्याच्या कितीतरी लहान गावांच्या आणि पाड्यांच्या एक-दोन दिवसांच्या जत्रा असतात, ज्यांची बातमी कुठेच छापून येत नाही. तिथी अशा पुढेमागे असल्यामुळे पाळणेवाला, मिठाईवाला, बांगड्यांचे आणि खेळण्यांचे पाल लावणारा, हे सगळे एक जत्रा उठली की सामान टेम्पोत भरून पुढच्या गावाला जाऊ शकतात. एकट्या गावाला जो पाळणा कधीच परवडला नसता, तो सगळ्या पट्ट्यात मिळून परवडतो. लहान गावांनी परस्परांत वाटून घेतलेली ही व्यवस्था आहे आणि ती कोणत्याही कार्यालयाने आखून दिलेली नाही.

तिथीचे महत्त्व शहरातल्या नियोजनात हरवते. पौष पौर्णिमा २०२४ साली २५ जानेवारीला आली, २०२५ साली १३ जानेवारीला आणि २०२६ साली ३ जानेवारीला. शनिवार-रविवार पाहून मैदान आरक्षित करणाऱ्याला हे गैरसोयीचे वाटते, पण घाट उतरून येणारा व्यापारी आणि गावातला माणूस दोघेही त्याच पंचांगावर चालतात आणि कुणीही निमंत्रणपत्रिका न पाठवता ठरल्या दिवशी ठरल्या जागी येऊन पोहोचतात.

हिवाळा हाच या जत्रांचा काळ का, हेही समजून घेण्यासारखे आहे. भातकापणी आणि झोडणी आटोपलेली असते, पेंढा रचून झालेला असतो, खाचरात उरलेल्या ओलाव्यावर वाल उभा असतो आणि घरात थोडाफार पैसा आलेला असतो. शिवाय याच दिवसांत या पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मालकाकडून आधी घेतलेली उचल फेडत ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथेच राहतात. आठवड्याची खर्ची हातात पडली की त्यांतली माणसे मुलाबाळांना घेऊन जत्रेला येतात आणि वर्षभर विखुरलेली नातलग मंडळी तिथे एकमेकांना भेटतात. लग्नाच्या गोष्टी तिथे निघतात, आजारपणाच्या बातम्या तिथे कळतात. ठाण्याच्या मैदानावर, प्रवेशद्वारी तपासणी करून आत सोडण्याच्या जत्रेत, ही माणसे प्रेक्षक म्हणूनही दिसणार नाहीत.

म्हशाच्या यात्रेत घोंगडीच्या दुकानापाशी बराच वेळ थांबावे असे मी प्रत्येकाला सांगतो. विक्रेता नवी घोंगडी उलगडतो तेव्हा चिंचोक्याच्या खळीमुळे ती कडक उभी राहते आणि लोकरीचा उग्र वास नाकात शिरतो. गिऱ्हाईक म्हणून आलेला म्हातारा शेतकरी आधी किंमत विचारत नाही. तो काठ चिमटीत धरून ओढतो, घोंगडी उन्हाकडे करून वीण किती दाट आहे ते बघतो, मग खांद्यावर टाकून वजन घेतो आणि त्यानंतर घासाघीस सुरू होते. विकणाऱ्यालाही अशा गिऱ्हाइकाचा आदर असतो, कारण माल ओळखणारा माणूस समोर आहे हे त्याला कळते. थोड्या अंतरावर हाताने फिरवायचा छोटा पाळणा असतो. दोन तरुण पोरे त्याच्या आऱ्यांवर चढतात, अंगाच्या भाराने पाळणा खाली आणतात आणि खाली पोहोचताच उडी मारून पुन्हा वरचा आरा धरतात. हे कसब तासन्‌तास चालते. शहरातल्या महोत्सवात या पोरांना जागा नाही, कारण तिथे विजेवर चालणारे आणि दरडोई मोठे शुल्क घेणारे पाळणेच येतात.

या जत्रा अडचणीत आहेत, हे खरे आहे. शेतीत पॉवर टिलर आले, तसे बैलांचे गिऱ्हाईक घटले. करोनाच्या काळात यात्रा थांबल्या आणि त्यातून सावरत असतानाच २०२२ साली लम्पीची साथ आल्यामुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. जत्रेतला गुरांचा बाजार मोडला की त्याच्या आधाराने बसणारे घुंगरू, कासरे, वेसणी, विळे-कोयते विकणारेही हळूहळू येईनासे होतात. तरुण मुले कल्याण-ठाण्यात नोकरीला आहेत आणि लहान पाड्यावर वर्गणी गोळा करायला चार माणसे मिळत नाहीत.

सरकारी मदत नाही, असेही नाही. ग्रामीण यात्रास्थळांना ‘क’ वर्गाचा दर्जा मिळतो आणि त्यातून सभामंडप, रस्ता, भक्तनिवास, पेव्हर ब्लॉक अशी कामे होतात. ती उपयोगी आहेत, पण हा सगळा पैसा जमिनीत घट्ट रोवलेल्या वस्तूंवर जातो. ज्यांच्यामुळे जत्रा जत्रा होते, त्या चालत्या माणसांसाठी त्यात काहीच नसते. रात्री उघड्यावर झोपणारी पालवाल्यांची कुटुंबे, त्यांच्या बायकांसाठी नसलेली शौचालये आणि मुक्कामागणिक बुडणारी मुलांची शाळा यांचा विचार कुणी करताना दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जवळजवळच्या आठ-दहा गावांनी मिळून एकच बाजार, एकच रंगमंच, एकच जनरेटर आणि फिरती शौचालये घ्यावीत आणि हा सारा संसार ठरलेल्या क्रमाने प्रत्येक गावी दोन दिवस मुक्कामाला न्यावा. पाळण्याची तपासणी प्रत्येक मुक्कामी नव्याने व्हावी, आरोग्य पथक सोबत असावे आणि टोपल्या, सुपे, मडकी घेऊन बसणाऱ्या स्थानिक माणसाकडून जागेची पावती घेऊ नये. हे स्वप्नरंजन नाही. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अशा आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या केंद्रीय कायद्यात, गावबाजारांच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. तो अधिकार अनेक गावांनी मिळून वापरला, तर ठेकेदाराला जागेचा लिलाव देण्याची गरजच उरणार नाही.

काही जण विचारतील की देवाच्या दिवसाचे काय. पूजा, पालखी, नवस हे त्या त्या गावाच्या तिथीलाच व्हावेत, त्यांना कुणी हात लावू नये. मुक्कामांचा क्रम त्या तिथी पाहूनच लावावा. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याचा आदिवासी उत्सव, याबाबतीत पाहण्यासारखा आहे. तो भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला, पण आपल्या मुलुखापासून तो काही वेगळा नाही. थंडी सरता सरता तिथे गावोगाव बोहाडे सुरू होतात. ठरावीक सोंगे ठरावीक घराण्यांकडे चालत आलेली असतात आणि गावांचे दिवस वेगवेगळे असल्यामुळे शेजारच्या गावची माणसे रात्र जागवायला येऊ शकतात. प्रत्येक गावाचा मान राखूनही उत्सव सगळ्यांचा राहतो, हे तिथे आजही पाहायला मिळते.

आपण ठाणेकरांनी काय करावे? ज्या भातसेच्या खोऱ्यातले पाणी आपल्या नळाला येते, ते खोरे शहापूर तालुक्यातच आहे. तेव्हा त्या गावांना आपल्या मैदानावर बोलावण्याऐवजी आपणच तिकडे जावे. घोंगडी, सूप, कोयता, जे लागते ते तिथे विकत घ्यावे आणि फोटो काढण्यापूर्वी समोरच्या माणसाला विचारावे. आपल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरायचाच असेल, तर तो मैदानावरच्या मंडपाऐवजी जत्रेच्या रात्री मुरबाड आणि शहापूरहून पाड्यांकडे सुटणाऱ्या जादा एस. टी. गाड्यांसाठी धरावा, कारण शेवटची गाडी लवकर सुटते म्हणून बायका आणि म्हातारी माणसे कार्यक्रम सुरू होण्याआधीच जत्रेतून उठतात.