अपील आहे ना, मग पोटगी कशाला?

अभिनंदन! घटस्फोटाचं अपील हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात लागलं. आता मुलीच्या पोटगीचा अंतरिम आदेश कपाटात टाका आणि निर्धास्त व्हा. कोणी विचारलंच तर ‘मॅटर पेंडिंग आहे’ म्हणायचं आणि पोह्यांवर शेव भुरभुरायची. रामबागेत या वाक्याला फार वजन आहे. समोरचे काका लगेच मान डोलावतात, त्यांचाही जागेचा दावा कुठेतरी पेंडिंग असतोच.

अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि मिळावीही लागते, असं तुमचे वकील एकदा पुटपुटले होते. सोडून द्या. मुलीच्या शाळेला मात्र अपिलातलं काही कळत नाही. फी वेळच्या वेळी मागतात, अडाणी कुठले.

खरं कसब शपथपत्रात. रजनेश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या 2020च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न, देणी सगळं लिहून द्यावं लागतं. तेव्हा सुपर कॉरिडॉरचा प्लॉट आईचा, गाडी भावाची, दुकान मित्राचं. तुम्ही तिथे नुसते बसता. नोकरदारांची जरा पंचाईत आहे. पोटगीच्या वसुलीत पगाराच्या दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते आणि ही बातमी अकाउंट्सवाल्यांना आधी कळते.

कैदेला घाबरता? थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत होऊ शकते, एवढंच. फक्त ‘आत जाऊन आलो, हिशेब मिटला’ असं सासरी सांगू नका. कैद ही वसुलीची रीत आहे, तिने रक्कम फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे जेवण सरकारी, थकबाकी स्वतःची.

त्यापेक्षा मुलीच्या आईलाच थांबवून ठेवा. पोटगीचं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं 125, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. त्यात रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वसुलीचं वॉरंट निघत नाही. ‘थांब गं, अपिलाचं काय होतं ते बघू’ म्हणायला दोन्हीकडच्या मावश्या आहेतच, तुम्हाला तोंडही उघडावं लागणार नाही. अडचण एकच: ती अकराव्या महिन्यात महिनावार थकबाकीचा तक्ता जोडून अर्ज देऊन आली तर? मग काकांच्या हाती मुलीसाठी सराफ्यातला भला मोठा जलेबा पाठवा आणि पुढच्या पेशीला त्याची किंमत पोटगीतून वजा करून मागा.