"स्टील महागलं म्हणून बिल्डर रेट वाढवू शकतो" हे खोटं आहे

गेल्या आठवड्यापासून नागपूरच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरून राहिला आहे की मटेरियल महागलं तर ॲग्रीमेंटनंतरही बिल्डर रेट वाढवू शकतो, फरक द्यावाच लागतो, नाही दिला तर बुकिंग कॅन्सल. भाऊ, हे पुढे पाठवू नका, लोक घाबरून पैसे भरून राहिले आहेत.

पहिले रेटचं. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नमुना ॲग्रीमेंटमध्येच लिहून आहे की ठरलेली किंमत वाढणार नाही, अपवाद सरकारने किंवा स्थानिक संस्थेने वाढवलेल्या चार्जेसचा, आणि तेव्हाही तो आदेश डिमांड लेटरला, म्हणजे पैसे मागणाऱ्या पत्राला, जोडावा लागतो. (कार्पेट एरिया, म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरायची जागा, प्रत्यक्षात वाढला तर किंमत बदलते, पण ती 3 टक्क्यांपर्यंतच.) स्टील, सिमेंट, मजुरी हे त्या अपवादात नाहीच. माझ्या मावसभावाचा नागपूरच्या बेसा भागात फ्लॅट आहे, वरचा स्लॅब टाकून झाला अन् लेटर आलं, स्क्वेअर फुटामागे 200 रुपये जास्त, कारण काय तर 'मार्केट कंडिशन'. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ॲग्रीमेंट काढून बसलो, त्या कलमाला पेन्सिलने खूण केली, फोटो काढला अन् लेखी विचारलं की कोणत्या आदेशाने वाढवले, त्याची कॉपी द्या. कॉपी आली नाही, पुढच्या डिमांडमध्ये ते 200 रुपयेही नव्हते. आणि 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा त्याला रेट कमी झाल्याचं लेटर काही आलं नाही.

कॅन्सलचं म्हणाल तर रेरा कायद्याच्या (ज्याखाली महारेरा चालतं तो कायदा) कलम 11(5) प्रमाणे ॲग्रीमेंटच्या अटींनुसारच कॅन्सल करता येतं. फक्त ठरलेले हप्ते थांबवू नका, भांडण वाढीव रकमेपुरतंच ठेवा, नाहीतर डिफॉल्टर तुम्हीच ठरता.

खरे फसतात ते ॲग्रीमेंटच न करता पैसे देत जाणारे. रजिस्टर्ड ॲग्रीमेंटशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही, कलम 13 वाचा. तक्रार महारेराकडे ऑनलाइन होते.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधत असाल तर मात्र रेरा लागत नाही. तिथे 1872 चा करार कायदा, म्हणजे ठरलेला रेट दोघांच्या संमतीशिवाय बदलत नाही, पण ठरलं काय होतं हे कागदावर पाहिजे: विथ मटेरियल की नुसतं लेबर, कोणतं सिमेंट, स्टील किती एमएमचं. तोंडी ठरवलं असेल तर आजच लिहून दोघांच्या सह्या घ्या.