फळं खा म्हणे!

मिरची भजी चालतात, शेंगाचटणी चालते, झणझणीत मटण तर दाबून चालतं. पण सफरचंदाची एक फोड तोंडात टाकली की लगेच टाळू खाजायला लागते, आणि ती पण अशा जागी की बोट घालावं तर उलटी होईल, मग जिभेनंच टाळू घासत बसायचं, टॉक टॉक आवाज करत, त्यात कान आतनं खाजायलेत, ओठ जाड झालेत, समोरच्याला वाटतं हा आपल्याला वेडावून दाखवायलाय. तासाभरात सगळं गायब. म्हणजे डॉक्टरकडं जाईपर्यंत पुरावाच शिल्लक नाही.

डॉक्टर म्हणाले, ही परागकणांची ॲलर्जी. परागातल्या प्रोटीनसारखंच प्रोटीन कच्च्या फळात असतं, शरीराला वाटतं आला तोच शत्रू. युरोपात बर्चच्या झाडामुळं सफरचंद बाधतं. आता सोलापुरात बर्च औषधालाही नाही! पण गाजर गवत आहे की, मोकळा प्लॉट दिसला की हजर, आणि त्याच्याच कुळातल्या रॅगवीडची ॲलर्जी असली की खरबूज, केळं त्रास देतात म्हणे. माझं नेमकं कशानं ते टेस्टशिवाय कळणार नाही. घसा आवळला, श्वास लागला तर मात्र तडक दवाखाना, ही एकच गोष्ट त्यांनी दम देऊन सांगितली.

शिजवलं की ते प्रोटीन मोडतं, म्हणून सफरचंदाचा शिरा मला चालतो. हे ऐकून घरच्यांचा उरलासुरला विश्वास पण उडाला. "साजूक तुपातलं बरं चालतंय रे तुला!"

मित्र तर अजून भारी. "अननसानं माझी पण जीभ चुरचुरते बे, मी कधी बोंबललो का?" अरे बाबा, अननसात प्रोटीन फोडणारं एन्झाइमच असतंय, ते सगळ्यांच्याच जिभेला चावतंय. आंब्याच्या चिकानं ओठ उततो ते पण वेगळं. पण ऐकतंय कोण.

आणि आजारी पडायची तर सोयच नाही, बघायला येणारा प्रत्येकजण पिशवीतनं सफरचंदच काढतो आणि "एक फोड खा माझ्यासमोर" म्हणून उशाशी बसतो.

मागं सांगोल्याच्या मामांनी शेतातल्या डाळिंबांचा क्रेट पाठवला. सोलापूरचं डाळिंब, २०१६ पासून जीआय टॅगवालं, आणि देवाच्या दयेनं मला ते अजिबात बाधत नाही. वाडगा भरून खात बसलो होतो, तेवढ्यात मावशी आली. बघितलं आणि आईला म्हणाली, "कसली ॲलर्जी गं ह्याला? विकतचं तेवढं बाधतंय, फुकटचं बरोबर पचतंय!"