ओढून आणलेला ट्रॅक्टर आणि व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज

‘हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेला ट्रॅक्टर लिलावात अर्ध्या भावात मिळतो, जुनी थकबाकी माफ होते, कागदं आपोआप नावावर होतात’, असा मेसेज आपल्या यवतमाळ-वणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. कापसाचे पैसे हाती आले की लोक यालाच भुलतात, म्हणून हा खुलासा.

कागदं आपोआप होत नाहीत. आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायला फायनान्सरच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो, नाव चढवायला 29 आणि 30. जुन्या मालकाने आरसी दिलीच नाही, तर फायनान्सरला आरटीओकडून आधी स्वतःच्या नावाची आरसी काढता येते. ती निघाली का, हे बोली लावण्याआधीच विचारा. लिलाव ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर असतो. थकलेला टॅक्स आणि चलान बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात, त्यामुळे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघाच.

ओढून आणलेले ट्रॅक्टर ठेवतात त्या यार्डात मेकॅनिक सोबत न्या. चेसिस नंबरवरची माती रॉकेलच्या फडक्याने पुसून आकडे आरसीशी जुळवा. एकही आकडा खोडलेला दिसला तर सरळ परत फिरा. हायड्रॉलिक वजन लावून उचलून बघा, नुसतं इंजिन ऐकून भागत नाही. बोलीची अनामत फक्त फायनान्स संस्थेच्या खात्यात भरा, एजंटच्या फोनपेवर नाही.