मेटफॉर्मिन-कॅप्सूलचा मेसेज आणि माझं उत्तर

"मूल होत नसेल तर पुरुषानं शुगरची मेटफॉर्मिन आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्यावी, महिनाभरात शुक्राणू दुप्पट, तपासणीची गरज नाही." यवतमाळ जिल्ह्यात आमच्याकडं हा मेसेज गावोगाव फिरतोय. परवा एक जण वावरातून थेट माझ्या औषधाच्या दुकानात आला. मोबाइल पुढं करून म्हणाला, "भाऊ, हे दोन्ही द्या." मी दिलं नाही.

आधी महिनाभराचं बोलू. एक शुक्राणू घडायलाच साधारण 72 ते 74 दिवस लागतात. औषध लागू पडलं तरी रिपोर्टमध्ये फरक दिसायला तीन महिने हवेत.

मेटफॉर्मिन ज्यावर काम करते, त्या इन्सुलिनचा शुक्राणूंशी संबंध मात्र खरा आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, पोट सुटलं, की टेस्टोस्टेरॉन घटू शकतं, ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा मारा) वाढतो, शुक्राणूंच्या डीएनएला इजा होते. त्या भावाच्या मानेमागं काळा, मखमली पट्टा होता. "बायको रोज घासते, मळ निघतच नाही," म्हणे. तो मळ नव्हताच, अशी कातडी बरेचदा इन्सुलिनच्याच बिघाडाची खूण असते. अशा माणसाला तपासून डॉक्टर मेटफॉर्मिन देऊ शकतात. काही लहान अभ्यासांत त्यानं फायदा दिसलाय, पण सगळ्यांनी खावी एवढा तो पुरावा नाही. शिवाय किडनी कमजोर असेल तर ही गोळी धोक्याची. आणि ज्याची शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद आहे किंवा अंडकोषाच्या शिरा फुगल्यात, त्याला तिचा काय उपयोग?

कॅप्सूलचं तर मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. 2020 मध्ये अमेरिकेत 2,370 जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड दिलं. ना शुक्राणू सुधारले, ना जास्त बाळं जन्मली, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या. त्याच वर्षी व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम वगैरेंचं मिश्रणही दुसऱ्या अभ्यासात फोल ठरलं. पन्नीतला खर्रा (सुपारी-तंबाखू) दिवसभर तोंडात आणि वरून महागडी कॅप्सूल, यात पैसा कापूस विकून आलेल्या पट्टीतूनच जातो ना.

"तपासणीची गरज नाही" या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडंही असतं. तरी वर्षानुवर्षं "बाईलेच दाखवा" म्हणत तिलाच दवाखान्यात फिरवतात. वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक डबी लागते, बस.

त्या भावाला शुगरची तपासणी, वीर्यतपासणी आणि तालुक्याच्या डॉक्टरची वेळ एका कागदावर लिहून दिली. म्हटलं, दोघंही जा.