मोठ्या गाडीचं ॲव्हरेज पाचवर कसं आणावं

परवा पुन्हा तोच प्रश्न. "मोठी एसयूव्ही आहे, ॲव्हरेज पाचच देते, काय करू?" इंजिन पेट्रोल की डिझेल, पत्ता नाही. टायर कोणते, टपावर काय बांधलंय, गाडी गर्दीत फिरते की हायवेला, ॲव्हरेज मोजलं कसं, कशाचाच पत्ता नाही. एक वाक्य मात्र न चुकता हजर: "कंपनीने तर बाराचं सांगितलं होतं."

सरळ सल्ला देऊन उपयोग होत नाही, हे आता पुरतं पटलं आहे. तेव्हा उलटाच देऊ. ज्यांची गाडी अजून बिचारी दहा-अकरा देते आणि त्यामुळे ज्यांना चारचौघांत रडायला विषय उरत नाही, त्यांनी खालील उपाय करावेत. गुण येतोच.

सुरुवात मोजण्यापासून, म्हणजे न मोजण्यापासून. टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, तीन-चारशे किलोमीटर चालवायचं, त्याच पंपाच्या त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर करायचं, ही असली चौथीतली गणितं तुम्हाला शोभत नाहीत. तुम्ही काटा बघा. काटा फुल्लवरून अर्ध्यावर आला की टाकीतलं बरोबर निम्मं तेल संपलं असं धरा. टाकी वेडीवाकडी असते, आतला फ्लोट वर-खाली सगळीकडे सारख्या वेगाने सरकत नाही, रिझर्व्हचा दिवा लागला तरी काही लिटर शिल्लक असतात, हे विसरून जा. त्याहून सोपं म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना स्क्रीनवर जो ३.२ चा आकडा चमकतो, त्याचा फोटो काढा. तो त्या एका क्षणाचा आकडा आहे, पण पुरावा म्हणून झकास दिसतो.

आता टपाकडे वळू. सामान डिक्कीत ठेवलं तर फारसं नुकसान होत नाही, ही खरी अडचण आहे. साधारण ४५ किलो वजन वाढलं की सामान्य कारचं ॲव्हरेज एखाद्या टक्क्याने घसरतं, आणि तुमची गाडी मुळातच जड, म्हणून तिला तेवढंही जाणवत नाही. तेच सामान वर बांधा. टपावरच्या मोठ्या, बोथट तोंडाच्या पेटीने गर्दीत २ ते ८ टक्के, हायवेला ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगात १० ते २५ टक्के ॲव्हरेज खाल्लं जातं. हीच पेटी गाडीच्या मागे लावली तर हायवेलाही १ ते ५ टक्केच जातात, म्हणून मागे कदापि लावू नका. पेटी नसेल तर नुसतं लोखंडी कॅरिअर वर्षभर ठेवा, वापर वर्षातून दोनदा. त्यावर एक आडवा एलईडी बार. खाली मोकळी हवा जाता कामा नये, म्हणून पुढे बुलबार.

वेग वाढवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १२० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळपास तीन पूर्णांक चार पट. भिंतीसारखं तोंड असलेल्या गाडीला तर ही पर्वणीच.

सिग्नल लाल दिसत असला तरी शेवटपर्यंत रेस देत जा आणि मग ब्रेक मारा. अडीच टनांची गाडी ६० च्या वेगावरून थांबवली की जी ऊर्जा ब्रेकमध्ये जळते, ती पुन्हा उभी करायला पेट्रोल इंजिनाला साधारण ४० मिली पेट्रोल लागतं. पंचवीस सिग्नलांत एक लिटर. हे लिटर कुठे गेलं, असं मेकॅनिकला विचारा.

उभ्या गाडीत एसी लावून बसा. मोठं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला एक ते दोन लिटर पितं, आणि त्या तासाचे किलोमीटर शून्य.

उतारावर न्यूट्रल! हा तर वडिलोपार्जित उपाय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि चाकंच इंजिनाला फिरवतात, म्हणजे तेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालावं लागतं, म्हणून ते तेल मागतं. शिवाय इंजिन ब्रेकिंग गेल्याने ब्रेक तापतात, तो फायदा वेगळा.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावून ठेवा, विशेषतः पार्ट-टाइम फोर बाय फोर असेल तर. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, पण ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसने दोन्ही ॲक्सल एकमेकांना बांधलेले असतात. टायर घासतात, स्टीअरिंग अडखळतं, ट्रान्सफर केस कुरकुरते, आणि कुठलाच चिखल नसताना आपण जंगलात असल्यासारखं वाटतं.

यानंतर टायर. मूळ २६५/६५ आर १७ काढून २८५/७० आर १७ टाका, ऑल टेरेन, जाड साइडवॉलचे. दिसायला सुंदर यात वाद नाही. एकेका टायरमागे सहा-आठ किलो सहज वाढतात, तेही फिरणारं वजन, म्हणजे दर वेळी वेग घेताना तेही फिरवत बसा. रुंदी वाढली, तोंडावर हवा जास्त लागली. खोल गुटके दबतात-सुटतात, त्यात इंधन उष्णता होऊन जातं. गाडी उंच झाली म्हणून खालून हवा घुसते. व्यास ७७६ मिलिमीटरवरून ८३१ वर गेला, म्हणजे ७ टक्के मोठा, म्हणजे सगळे गिअर आपोआप ७ टक्के उंच झाले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मग टॉप गिअर पेलत नाही, प्रत्येक छोट्या चढावर तो खाली उतरतो आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉक, म्हणजे घसरण थांबवणारी पक्की जोडणी, सुटतो. इथपर्यंतही ठीक. मौज पुढे आहे. चाक मोठं झालं तरी मीटरला ते कुणी सांगितलेलंच नसतं! मीटर चाकाचे फेरे मोजतो. खरे १००० किलोमीटर गाडी चालली की तो ९३४ दाखवतो. तेल ११० लिटर गेलं असेल तर खरं ॲव्हरेज ९.१, पण तुमच्या वहीत ८.५. म्हणजे जे नुकसान झालंच नाही तेही तुम्ही गाडीच्या नावावर मांडता! वर मीटरवर १०० बघून चालवता तेव्हा जुन्या टायरांच्या हिशेबाने १०७ ने जात असता, म्हणजे हवेचा दंड अलग. आणि हवा किती भरता? दारावरच्या स्टिकरवर मूळ टायरांसाठी छापलेली ३२ पीएसआय. अहो, ते टायर गेले ना? एलटी (लाइट ट्रक) जातीच्या टायरला तेवढंच ओझं उचलायला जास्त दाब लागतो. ३२ वर तो मऊ पडतो, खांदे झिजतात, आणि मग "टायर कंपनी खराब". टायरवाल्याने अलाइनमेंट करून घ्या म्हटलं तर "नंतर बघू". टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलेला, दोन्ही पुढची चाकं रस्त्याला तिरकी घासत चालली आहेत, कडा करवतीसारख्या झाल्या आहेत, हात फिरवला तरी कळतं. पण हात फिरवणार कोण? तुम्ही बोनेट उघडून इंजिनाकडे संशयाने बघताय.

बरं. शांतपणे पुढे.

थर्मोस्टॅट काढून टाका. "इंजिन थंड राहतं" म्हणून तो काढणारे कारागीर अजून भेटतात. इंजिन खरंच थंड राहतं. तापमानाचा काटा मध्यापर्यंत पोचतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं गाडी अजून सकाळचीच आहे, म्हणून तो जास्त तेल देत राहतो. कित्येक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपलं गिअर ऑइल गरम झाल्याशिवाय टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकही नीट देत नाहीत. एका स्वस्त भागावर एवढे फायदे दुसरीकडे मिळणार नाहीत.

इंजिन ऑइल ५ डब्ल्यू-३० सांगितलंय? २० डब्ल्यू-५० घाला. जाड म्हणजे भारी.

डिझेलवाल्यांनी रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या माराव्यात. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साठलेली काजळी जाळायला घेतो, त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही इंजिन बंद करता. पुढच्या फेरीत पुन्हा तेच पहिल्यापासून. इंटरकूलरचा पाइप चिरलेला असेल, ओढ कमी आणि धूर काळा असेल, तर "गाडी जुनी झाली" म्हणावं.

तेलाच्या पाइपला चुंबक बांधा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेल वाचवणारी म्हणवणारी शंभरावर उपकरणं तपासली आणि एकातही लक्षात घेण्याजोगा फायदा मिळाला नाही, पण तुमचं चुंबक वेगळं असणार.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: अंदाजाने भाग बदला. आधी प्लग. मग इंजेक्टर साफ. मग ऑक्सिजन सेन्सर, मग फ्युएल पंप, मग कुणीतरी म्हणालं म्हणून ईसीयू. एअर फिल्टरच्या जागी तेल लावायचा स्पोर्ट फिल्टर, त्याला मुरेपर्यंत तेल चोपडा म्हणजे हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरची तार चिकट होईल. चेक इंजिनच्या दिव्यावर काळी पट्टी लावा. स्कॅनर मात्र लावू देऊ नका, कारण त्यात दहा मिनिटांत कळतं. कूलंटचं तापमान ८५ ते ९५ मध्ये जातंय की ७० वर लोळतंय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू तेलाच्या मापात सतत करत असलेली टक्क्यांची दुरुस्ती) दहाच्या वर गेलाय, म्हणजे व्हॅक्युम गळती (न मोजलेली हवा चोरवाटेने इंजिनात शिरणं), घाणेरडा एअरफ्लो सेन्सर किंवा तेलाचा दाब कमी. की उणे दहाच्या खाली गेलाय, म्हणजे इंजेक्टर टिपकतोय किंवा टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. हे कळलं तर एकच भाग बदलावा लागेल, मग पाच भाग बदलण्याची गंमत कुठे राहिली?

तेवढ्यात एक चाक धरलेलं असतं. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिन सुकल्यात, ब्रेक पॅड डिस्कला चिकटून बसलंय, किंवा हँडब्रेकची केबल जास्त ओढलीय. ब्रेकवर पाय ठेवून चालवण्यासारखंच ते. तपासायला काय लागतं? दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, उतरा, चारही रिमजवळ हात न्या. डिस्कला लावू नका, चटका बसेल. एक रिम बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर सापडलं. जॅक लावून चाक हाताने फिरवा, फिरत नसेल तर खात्रीच झाली. फुकटात होतं हे! नवा फ्युएल पंप बसवून झाल्यावर, सहा महिन्यांनी, कुणीतरी सहज जॅक लावतं तेव्हा कळतं.

आता बास झाला उपरोध.

अहो, तुम्ही घेतलंय काय ते एकदा नीट बघा. अडीच टन वजन, समोरून तीन चौरस मीटरच्या आसपासची चौकोनी भिंत, ड्रॅग कोएफिशंट (आकार हवेला किती अडतो त्याचं माप) ०.४ च्या आसपास किंवा वर. छोट्या सेडानच्या मानाने हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट. कंपनीचा बाराचा आकडा रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाने, हलक्या हाताने काढलेला असतो. तो गाड्यांची आपसात तुलना करायला आहे, तुमच्या गर्दीतल्या अडकण्याची हमी म्हणून नाही. मोठं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, दर दोनशे मीटरला थांबणं, असं असेल तर साडेसहा-सात हे त्या गाडीचं खरं ॲव्हरेज आहे. काही बिघडलेलं नाही. मेकॅनिकला छळू नका, त्याने तुमच्यासाठी हवेचे नियम बदलायचे का?

पण हीच गाडी हायवेला नऊ-दहा द्यायची आणि अचानक सातवर आली असेल, तर ते दुखणं आहे, आणि ते सापडतं. त्यासाठी आधीचा आकडा हवा. तुम्ही कधी मोजलाच नाही! गाडीसाठी पैसे मोजलेत, टायरांसाठी मोजलेत, तेवढे किलोमीटर मोजता आले नाहीत? तीन टाक्या फुल्ल-टू-फुल्ल मोजा, टायर बदलले असतील तर तो ७ टक्क्यांचा फरक जोडा, टपावरचं कॅरिअर उतरवून ठेवा, चारही रिमना हात लावून बघा, स्कॅनरवरचे दोन आकडे लिहून आणा. मग विचारा. आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दहा किलोमीटर तापवून पंपावर गेलात तर टायर चार पीएसआय जास्तच दाखवणार, तुम्ही "जास्त झाली" म्हणून ती काढून टाकणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला येणार.